गहू गार होऊ द्या

“आई, सहा क्विंटल गहू घरात आता कोण भरून ठेवतं? एक घर दाखव मला!”

“ह्याच घरात उभा हायस की तू. आन् आधी चपला काढ.”

दत्ताने उंबऱ्यावरच चपला काढल्या, आवाज मात्र उतरवला नाही. “फोन केला की आटा दारात येतो आजकाल.”

“सणसवाडीत येत आसंल. हितं गॅसची गाडी यायला आठ दिस लागत्यात.”

कुरडयांच्या मदतीला म्हणून मी यवतहून वडगाव रासाईला आले होते, पण हे भांडण माझ्या आधीच येऊन बसलं होतं. भामामावशी माझ्या आईची थोरली बहीण. दत्ता तिचा एकुलता मुलगा, सणसवाडीच्या एका कंपनीत कामाला. आणि भांडण होतं कोठीच्या खोलीवरून. दत्ताच्या बायकोने, तेजश्रीने, शिरूरला पार्लरचा कोर्स केला होता. तिला रस्त्याकडे दार असलेली खोली हवी होती आणि कोठीच्या खोलीला तसं दार होतं.

“आत्या, मी काय मौजेसाठी मागतीय का?” चीक घाटता घाटता तेजश्री म्हणाली. “नवरीच्या मेकअपला पोरी पार शिरूरला जात्यात. हातात कला असून मी भाकरीच थापायच्या का?”

“मी कुठं नको म्हणते? पर वरसाचं धान्य ठेवू कुठं? डोक्यावर?”

“ड्रम आणलेत ना मी,” दत्ता म्हणाला. “मागच्या पडवीत एका लाईनीत ठेवू. एअरटाइट. मुंगी शिरायची न्हाई.”

मावशीचे यजमान आनंदराव समोरच्या बैठकीत गावच्या विकास सोसायटीच्या दोघा-तिघांबरोबर चहा घेत होते. ते तिथूनच ओरडले, “मिटवा की आता! मानसं बसल्यात हितं.”

मावशीने कमरेची कोठीची किल्ली सोडून तेजश्रीच्या पुढ्यात ठेवली. “घे. पर माल मी सांगंन तसा हलवायचा.” तेजश्रीचे डोळे भरून आले. मावशीकडे बघायचा मला धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघींनी खोली रिकामी करायला घेतली. मी लहानपणापासून त्या घरात येते, पण ती खोली आतून पुरती अशी कधी पाहिली नव्हती. हवं ते मावशी स्वतः काढून आणायची. आता एकेक डबा, एकेक गाडगं अंगणात येऊ लागलं, तशा आमच्या गप्पा थांबत गेल्या. एरंडेल चोळलेली तुरीची डाळ. राखेत घोळलेले हुलगे, आणि वेगळ्या गाडग्यात मटकी. वाळवलेली गवार, सुतळीत ओवलेली भेंडी. हरभऱ्याचा वाळलेला पाला, थंडीत खुडलेला. झाकण उघडताच त्याचा आंबट वास आला. मीठ घालून थापलेले चिंचेचे गोळे. काळ्या मसाल्याच्या बरणीत वर हिंगाचा खडा. सांडगे, शेवया, गोणपाटात शिवलेली गुळाची ढेप. दुपार झाली तरी खोली संपेना.

“आत्या, ह्यातलं जुनं कुठलं आन् नवं कुठलं, कळतं कसं तुम्हाला?” तेजश्रीने विचारलं. कशावरच चिठ्ठी नव्हती. मावशी दुसरीतून शाळा सोडलेली.

“गाठी बघ की.”

प्रत्येक तोंडाला बांधलेल्या फडक्याच्या दोरीला गाठी होत्या. एक गाठ म्हणजे यंदाचं, त्याला हात लावायचा नाही. दोन म्हणजे मागचं, ते आधी संपवायचं. तीन गाठींचं काही सापडलं नाही. “तीन गाठी पडल्या म्हंजी बाई चुकली,” मावशी म्हणाली. “माझ्या आईच्या घरात पडल्या न्हाईत. माझ्याही न्हाईत.”

तिचं माहेर पाबळकडचं, कोरडवाहू. पिकलं तर पिकलं. आई गेली तेव्हा मावशी अकरा वर्षांची होती आणि पाठच्या चार भावंडांना वर्षभर जेवू घालायचं तिला येत होतं. सासरी भीमेचं पाणी होतं, ऊस होता, तरी ती तशीच भरत राहिली. टाळेबंदीत पुण्यातले, सणसवाडीतले, यवतचे मिळून अकराजण त्या घरी राहायला आले. सत्तर दिवस. तेल आणि चहापावडर सोडून मावशीने काही मागवलं नाही, आणि एकाच भाजीचं ताट कुणापुढं लागोपाठ दोनदा आलं नाही. मीही त्या अकरांत होते. जेवले आणि विसरले.

गहू गच्चीवर तीन दिवस उन्हात होता. तिसऱ्या दिवशी दुपारी मावशी शेजारच्या साखरबाईंच्या पापडांना गेली. दत्ताला सुट्टी होती. आल्यावर आईला थक्क करायचं म्हणून त्याने दोनच्या उन्हात चटके बसणारा गहू घमेल्यांनी खाली आणला, चारही ड्रम गच्च भरले आणि झाकणं ठोकून बसवली. मीही घमेली उचलली. मला काय ठाऊक!

मावशीला संध्याकाळी भरलेले ड्रमच दिसले. “कवा भरला?”

“मगाशीच. बघ, एका मानसाचं काम.”

“गार झाल्यावर ना?” असं ती विचारत होती, तोवर बैठकीतून चहाची हाक आली आणि दत्ताने “व्हय व्हय” म्हणून टाकलं.

त्यानंतर चौथ्या दिवशी पहाटे मी उठले तर मावशी पडवीत एका ड्रमला तळहात लावून उभी होती, पोराचा ताप बघावा तशी. तिने झाकण उचललं. झाकणाच्या आतून पाणी ठिबकत होतं. कोपरापर्यंत हात आत घातला, मूठभर गहू वर आणला, हुंगला. मग एक दाणा दाढेखाली धरला. कट् असा आवाज यायला हवा होता. आला नाही.

“दत्ता!”

ती ओरडली नव्हती. तरी सगळं घर उठून आलं. आनंदराव बनियनवरच.

“गहू गरम भरलास?”

दत्ता झाकणाकडे बघत राहिला. “एअरटाइट होता आई. बाहेरनं पाणी शिरलंच न्हाई.”

“बाहेरनं कशाला शिरंल? त्याचा त्योच घामेजलाय. रातभर गच्चीवर ठेवून पहाटंच्या गारव्यात भरायचा असतो. वरसाची भाकरी हाय ती, बाबा.”

मग तिने सगळ्यांना कामाला लावलं. आनंदरावांनी घमेलं उचललं. लग्नानंतर पहिल्यांदाच, असं मावशी नंतर म्हणाली. बैठकीत सकाळी आलेले सोसायटीचे गेणबाही दोन खेपा घालून गेले. गच्चीवर मावशी मध्यभागी बसली आणि डोळे मिटून मूठमूठ हुंगत गेली. हे इकडं. हे तिकडं. हे कोंबड्यांना. तेजश्री तिच्या हाताखाली पसरत होती. एकदा तिने दोन ढिगांतले दाणे मुद्दाम मिसळून मावशीच्या तळहातावर ठेवले. मावशीने डोळे न उघडता त्यातले चार दाणे उचलून फेकले. “परीक्षा घेतीस व्हय गं?” तेजश्री हसली नाही. ती त्या हाताकडे नुसती बघत राहिली, आणि मीही. तासातासाला गहू खालीवर करत दोन दिवस मावशी त्या उन्हात होती. सहा क्विंटलांतला पायलीभरच गेला. बाकीचा तिसऱ्या पहाटे, गार झालेला, दाढेखाली कट् कट् वाजणारा, तिने स्वतः भरला. ड्रममध्ये नाही. गव्हाच्या जुन्या पत्र्याच्या कोठ्या तिने पुन्हा खोलीत, होत्या त्याच जागी लावून घेतल्या होत्या.

त्या सकाळी सगळे चहाला बसले तेव्हा तेजश्रीच आधी बोलली. “आत्या, पार्लरचं ऱ्हाऊ द्या. ही खोली मोडायची न्हाई.”

“मग तुझं शिक्षान कुजवायचं का?” मावशीने बशी खाली ठेवली. “धान्य काय आन् शिक्षान काय, कोंडून ठेवलं की वासच येणार.”

“मग जागा कुठं हाय?” दत्ता म्हणाला. “बांधायला काढायचं म्हंजी दोन वरसं.”

मावशीने घरावरून एकदा नजर फिरवली. “ह्या घरातल्या परतेक खोलीतनं काय ना काय निघतं. रस्त्याकडं दार असलेल्या दुसऱ्या एकीतनं निस्ता चहाच्या कपांचा ढीग निघतो.”

आनंदरावांचा कप ओठापाशी थांबला. “अगं, सोसायटीची निवडणूक तोंडावर आलीय. मानसं कुठं बसवू मी?”

“लिंबाखाली. सावली हाय.”

“दोन पिढ्यांची बैठक हाय ती!”

“कोठी चार पिढ्यांची हाय.” ती उठली, पदर खोचला. “दत्ता, आज सुट्टी टाक. बैठकीतल्या खुर्च्या भाईर काढ. सोमवारपासनं तिथं तेजश्रीचं पार्लर.”