दोन ॲप, एक तानपुरा

मित्रहो, मानवजातीपुढे सध्या एकच गहन प्रश्न आहे: हाय-रेझोल्यूशन संगीतासाठी दोनपैकी कोणतं ॲप ठेवावं? महिनाभर माझा शास्त्रार्थ चालू आहे, निर्णय शून्य.

आज सकाळी वैतागून बायकोला म्हटलं, "मी डोळे मिटून ऐकतो. तू मध्येच न सांगता ॲप बदल."

गाणं संपल्यावर मी निकाल दिला, "दुसऱ्या ॲपवर तानपुरा जास्त खुलतो."

"अहो पंडित, मी बदललंच नाही. पाचूबंदरच्या मासेवाल्या मावशीकडून बोंबील घ्यायला खाली गेले होते. गाणं लावायच्या आधी तिने तीन हाका मारल्या, ऐकल्यात ना?"

नव्हत्या ऐकल्या.

तुमच्यापैकी कुणी कान तपासून घेतलेत का? खरं सांगतो, महिनाभर मी ॲप तपासत बसलोय, कारण कान तपासायची भीती वाटते.