खाली माणसं होती

देसूरकर अण्णा गेल्याचं मला निपाणीच्या स्टँडवर कळलं. बेळगावच्या गाडीतून त्यांचे शेजारी उतरले, मला बाजूला घेऊन म्हणाले, "अण्णा परवा गेले. झोपेतच." मी कोगनोळीला निघालो होतो. गाडी समोरून सुटली तरी मी तिथंच उभा... त्याला आता पाच आठवडे होतील.

आणीबाणी उठली त्या वर्षी आमची ओळख झाली. उसावर पाकोळी, म्हणजे रस शोषणारी कीड, पडली होती, म्हणून कारखान्यानं विमानातून औषध फवारायचं ठरवलं. कोगनोळीजवळच्या माळावर मुरूम दाबून धावपट्टी केली. एकच माणूस बसेल एवढ्या त्या विमानाचे अण्णा पायलट. मी कारखान्याच्या शेती खात्यात होतो. कुठला पट्टा फवारायचा हे त्यांना वरून कळावं म्हणून बांधावर पांढरं निशाण धरून उभं राहणं, हे माझं काम. फवारणी संपली की माळावरच चहा व्हायचा. "वरनं ऊस बघायला पाहिजेस तू," अण्णा म्हणायचे. "वारा सुटला की नदी वाहत्या असं वाटतं."

त्या दिवशी न्याहारीची वेळ होती. टाकी भरून विमान नुकतंच उठलं होतं. माझ्यासमोर वळताना त्याच्या नाकातून काळा धूर आला, पाठोपाठ जाळ. अशा वेळी हाताजवळचा दांडा ओढायचा, सगळं औषध एकदम खाली सोडायचं आणि हलकं झालेलं विमान उतरवायचं, हे आम्हाला सांगून ठेवलेलं होतं. पण विमानाच्या खालीच विहिरीच्या काठावर भांगलणीला, तण काढायला आलेल्या बायका भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या. त्या बाजूला त्या दिवशी फवारणी नव्हती. त्यांच्यात माझी आई होती. ते औषध म्हणजे जहरच. मी निशाण टाकून धावत सुटलो, "आई, पळ! पळा गं!" म्हणून ओरडत. बायका तोंड वर करून बघतच राहिल्या...

विमान त्यांच्या डोक्यावरून तसंच जड, पेटलेलं पुढं गेलं. विहीर मागं पडली, ऊस संपला आणि मग मोकळ्या माळावर औषधाचा पांढरा लोट पडला. विमान आपटत उतरलं, एक चाक मोडून आडवं झालं. ओली गोणपाटं टाकून आम्ही अण्णांना ओढून काढलं. जाळ आत आला होता, तरी त्यांनी सुकाणूवरचे हात सोडले नव्हते.

मिरजेच्या दवाखान्यात आई त्यांना बघायला गेली. हातांवरच्या पट्ट्यांकडे तिनं बघितलं. मग म्हणाली, "सायेब, औषध आधीच का न्हाय सोडलंसा?"

"आधी वाटलं, लुगडी वाळत घातल्यात. मग एकीनं मान वर केली."

"ती मीच आसन," आई म्हणाली.

तेव्हापासून ती त्यांची आक्का झाली.

भाजलेली बोटं वाकडी झाली आणि अण्णांचं उडणं कायमचं बंद झालं. बेळगावात एका शाळेत ते गणित शिकवू लागले, खडू दोन्ही हातांनी धरून. महिन्या-दोन महिन्यांनी रविवारी आमच्याकडे यायचे, आईच्या हातची भाकरी खायचे आणि मला घेऊन त्या माळावर जायचे. धावपट्टीवर कुसळं माजलेली. अण्णा तोंडावर वारा घेत म्हणायचे, "आज पश्चिमेचा आहे. इकडनं उठावं लागंल."

एकदा मी विचारलंच, "अण्णा, वाईट वाटतं?"

ते वाकड्या बोटांनी विजारीला लागलेलं कुसळ काढू लागले.

"वाटतं रं. रोज वाटतं. आक्का दारात दिसली, की त्या दिवसापुरतं थांबतं..."

परवा आईला घेऊन बेळगावला गेलो. अण्णांची बायको, आमच्या वहिनी, आतल्या खोलीत त्यांचे धुतलेले सदरे मांडीवर घेऊन बसल्या होत्या. एकेक सदरा घ्यायचा, वरपासून खालपर्यंत बटणं लावायची, घडी घालायची. "रोज सकाळी मीच लावत होते," त्या म्हणाल्या. "आता सकाळी हात रिकामे राहतात हो, आक्का."

आई त्यांच्याजवळ खाली बसली, ढिगातला एक सदरा ओढून घेतला आणि त्याच्या बाहीचं बटण लावू लागली.