नव्या भाषेचे पेढे

राजारामपुरीत आमच्या क्लासच्या वरच्या मजल्यावर एक कंपनीवाला वेबसाइटींना क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या आपल्या संगणकांवर, जागा भाड्याने देतो. क्लासची वेबसाइटही त्याच्याकडेच चालते. म्हणजे चालते तेव्हा. बोलायच्या आधी टेबलावर थाप मारायची त्याला सवय आहे. ‘जमणार नाही’ असं म्हणताना मी त्याला कधी ऐकलं नाही. कुणी कुठल्याही प्रोग्रॅमिंग भाषेचं नाव घेऊन आलं, की थाप पडते, “घालूया की!” आणि ती भाषा त्याच्या क्लाउडवर चालायला लागली, की घरात पाळणा हलल्यासारखे पेढे वाटतो.

परवा ऐन प्रवेशाच्या दिवसांत आमची साइट सकाळपासून बंद. पालकांचे फोनवर फोन. मी तावातावाने जिना चढलो, तर त्याने माझ्या हातावर पेढाच ठेवला.

“घ्या सर! आणि एक भाषा घातली. आता तुमची साइट पायजे त्या भाषेत लिवा, चालतीय.”

“अहो, आहे तीच बंद आहे!”

“व्हय, बघतो की. सगळी मानसं नव्या भाषेत गुतल्यात.”

त्याच्या मागच्या मोठ्या पडद्यावर त्याच्या स्वतःच्या कंपनीची साइट मात्र झकास चालू होती. नव्या भाषेच्या नावावर फुलं पडत होती.

“मग ही कशी चालू?” मी विचारलं.

“ती दुसऱ्या कंपनीकडं ठेवलीया,” तो जराही न लाजता म्हणाला. “धंद्याचं तोंड हाय ते, सर. बंद पडून चालंल व्हय?”