भाडेवाढीचं पत्रक

तुमच्या घरात वरच्या मजल्यावर कुणी भाड्यानं राहत असेल, तर खरं सांगा: भाडं वाढवायची वेळ आली तेव्हा तुम्ही जिना चढून तोंडानं सांगितलंत, की दाराखालून कागद सरकवलात?

मी कागद सरकवला. त्याहून वाईट म्हणजे, तो फार चांगला लिहिला होता.

आमचं घर चिकलठाण्यात. खाली आई, वडील आणि मी. वर गच्चीला लागून एक खोली आणि मोरी. तिथं सात वर्षांपासून भाडेकरू मावशी राहतात, नात्यातल्या नव्हेत. कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली पॅकिंगचं काम, नवरा नाही, एक मुलगी. ती यंदा दहावीला.

आमच्या घरात पत्रकं आधी आली, माझी शाळेची पाटी नंतर. वडील मसुदा लिहायचे, शहागंजातल्या छापखान्यातून गठ्ठे आणायचे आणि मी फरशीवर बसून घड्या घालायचे. पाण्याचं पत्रक, बसचं पत्रक, जयंतीच्या वर्गणीचं पत्रक, घरमालकांच्या मनमानीविरुद्धचं पत्रक. हे शेवटचं छापलं तेव्हा आम्हीच भाड्यानं राहत होतो. पुढं वडील निवृत्त झाले, फंडाच्या पैशात हे घर उभं राहिलं आणि राहायला आल्या आल्या मावशींनी त्यांना "मालक" अशी हाक मारली. वडील दोन दिवस नीट जेवले नाहीत.

"मी कुणाचा मालक नाय," त्यांनी जाहीर केलं. "मी खाली राहतो, तुम्ही वर राहता, एवढंच."

मावशी त्यांना दादा म्हणू लागल्या. पहिल्या तारखेला त्या भाडं घेऊन खाली आल्या की वडील तोंडासमोर पेपर धरायचे. पैसे आई घ्यायची. अकरा महिन्यांचा करार वडिलांनी कधी केला नाही, कारण विश्वास कागदावर नाही, माणसावर ठेवायचा. भाडं कधी वाढवलं नाही, कारण तत्त्व. गच्चीवर ते कधी गेले नाहीत, कारण भाडेकरूच्या दारात डोकावणं हे मालकांचं लक्षण. मला या सगळ्याचा लई अभिमान होता.

आई मात्र कपडे वाळत घालायला रोज वर जायची.

"वरचं छत पोपडे टाकतंय," एक दिवस ती म्हणाली. "गवंडी फुकट येत नाय. भाडं वाढवा."

"या महागाईत? मी?"

"तुम्हाला तत्त्वं हायेत, मला गुडघे हायेत. बादल्या सारायला मी जाते वर."

वडिलांनी पेपर तोंडासमोर धरला. तेव्हा आई माझ्याकडं वळली. "तू लिही मग. एवढं लिहायला शिकवलंय तुला."

मी बसले. "या खोलीचं भाडं दिवाळीनंतर पाचशे रुपयांनी वाढेल" एवढं एक वाक्य लिहायचं होतं. पण एवढंच कसं लिहिणार? अन्यायाची पार्श्वभूमी नको का? मी सिमेंटच्या भावापासून सुरुवात केली. मग गॅस, मग कष्टकऱ्यांच्या हक्काचं घर, मग भाडेकरूंच्या असहायतेवर जगणाऱ्यांना एक सणसणीत परिच्छेद. पान भरलं. मजकूर संपला की खाली सह्यांसाठी रेघा ओढायच्या, ही घरची सवय. हातानं त्याही ओढल्या. मग आठवलं की मूळ वाक्य राहिलंय. ते मी मागच्या बाजूला लिहिलं, "नाइलाजाने" हा शब्द दोनदा घालून. मावशी कामावर गेल्यावर कागद दाराखालून सरकवला आणि मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशी खाली आल्या. चेहरा फुललेला.

"चौदा झाल्या, दादा! आपल्या गल्लीतले समदे भाडेकरू. त्या कोपऱ्यावरच्या बाई तर म्हणाल्या, मी अंगठा बी देते अन् सही बी करते. कुठं द्यायचं हे, कलेक्टरला का महापालिकेला?"

माझ्या पत्रकाखाली चौदा सह्या होत्या. पहिली मावशींची. आमच्या घरातून आलेला कागद म्हणजे सही करायचा कागद, हे गल्लीला पाठ होतं. आणि पत्रकाची मागची बाजू कोण वाचतं?

वडिलांनी चष्मा लावून पान वाचलं. "मसुदा खणखणीत आहे," ते म्हणाले.

"पालटा," आई म्हणाली.

वडिलांनी पालटलं. वाचलं. कागद मावशींकडं दिला आणि पेपर शोधू लागले. तो आईनं आधीच उचलून ठेवला होता.

मावशींनी ते वाक्य दोनदा वाचलं. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "दादा, आम्हाला काढायचंय का? पोरीची दहावी हाय. मार्चपर्यंत तरी..."

"काढायचं कुठं लिहिलंय, मावशी?" मी म्हणाले. "फक्त पाचशे रुपये."

"व्हय, पण सात वर्षं तुम्ही वाढवलंच नाय. दर दिवाळीला वाटायचं, भाडं वाढवत नायत म्हंजे आपल्याला ठेवायचंच नसंल. करार बी नाय. म्हणून कपाट घेतलं नाय मी. उचलायला सोपं पडावं."

"छत गळतंय ते का नाही सांगितलंत?" वडिलांनी विचारलं.

"कोणत्या तोंडानं सांगू? भाडं वाढवत नव्हते ना तुम्ही."

वडील उठले आणि सात वर्षांत पहिल्यांदा जिना चढले. मी मागं, माझ्यामागं मावशी. खोलीच्या मधोमध बादली होती. मुलगी भिंतीला टेकून भूमिती करत होती आणि बाकीची पुस्तकं खताच्या गोणीत बांधून खुंटीला टांगलेली होती. आमचं तत्त्व या छताखाली राहत होतं. आम्हाला ते खालून फार छान दिसायचं.

वडिलांनी चप्पल दाराबाहेर काढली. "मावशी, आधी छत. मग दिवाळीनंतर पाचशे. करार उद्या करू, एक प्रत तुमच्याकडं. दहावीच काय, बारावी झाली तरी कुणी काढत नाय."

मावशींनी बादली मोरीत रिकामी करून परत जागेवर ठेवली. मग म्हणाल्या, "पाचशे लई होतात, दादा. तीनशे करा."

"चौदा सह्या आहेत तुमच्याकडं," वडील म्हणाले. "करावेच लागतील."

त्या दिवाळीत मावशींनी कपाट घेतलं. जिन्यातून चढवताना एक बाजू मी धरली होती.

आता तुमच्याकडं एक मागणी आहे, आणि खाली रेघा ओढलेल्या नाहीत. आज संध्याकाळी जिना चढा. रक्कम सांगा, महिना सांगा, करार हातात द्या. पण त्याआधी चप्पल काढून आत जा आणि छताकडं बघा.