खालून वर वाचणाऱ्या बाई

बाई कुठलाही प्रोग्राम खालून वर वाचत. छापून आलेल्या कागदांची लांबलचक घडी टेबलावर उलगडायची, शेवटच्या ओळीखाली लाकडी पट्टी ठेवायची आणि एकेक ओळ वर सरकायचं. मी नवीन होतो तेव्हा मला वाटलं, यांना कुणी शिकवलं नसावं. तसं एकदा बोलूनही दाखवलं. पट्टीवरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "सुरुवात सगळेच नीट करतात, बाबू. थकतो माणूस शेवटी. चूक तिथंच बसून राहते."

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागपुरातल्या आमच्या छोट्या संगणक विभागात कपाटाएवढी यंत्रं जोडली जात, आणि यंत्राला चालवणारा मूळ प्रोग्राम, म्हणजे कर्नेल, आम्हीच लिहीत होतो. त्यात कुणीही काहीही बदल केला की तो बाईंनी वाचायचा, कागदावर सही करायची, मग तो प्रोग्राम टेपवर उतरून बाहेर जायचा. सहीसाठी आम्ही चार चार दिवस हेलपाटे घालायचो. "बाई, साहेब घाई करून राहिले," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मग साहेबाचीच सही घे."

त्यांचा सगळा जीव होता मेमरीच्या पानांवर. यंत्राची मेमरी सारख्या मापाच्या पानांत विभागलेली असते आणि मेमरी द्यायची किंवा परत घ्यायची ती पानाच्या कडेलाच, अधेमधे नाही. एखाद्या प्रोग्रामचा तुकडा पानाच्या मध्यावर सुरू होत असेल, तर त्याचं काम संपल्यावर ते अर्धं पान मोकळं म्हणायचं नाही, पुढच्या पानापासून मोकळं म्हणायचं. काहून, ते बाईंनी मला पुस्तकातून नाही सांगितलं. त्यांचे वडील नागपूरजवळ वाडी गावी गोदामात हमाली करत. एका भाड्याच्या खोलीत दोन बिऱ्हाडं, मधे खडूची रेघ. "आपण खोली सोडली म्हणून खोली रिकामी झाली, असं मालकाले सांगायचं नाही गा. रेघेपलीकडे कोणाचं लेकरू झोपून असते."

मला ते पटलं, पण पुरतं नाही. तरुण होतो, हुशारीची खाज होती. अशी अर्धी अर्धी पानं पडून राहतात, केवढी मेमरी वाया जाते, हे मला खुपत होतं. बाईंनी माझा एक बदल तपासला, सही केली. टेप काढताना मी त्यातली एक ओळ फिरवली: पुढच्या पानापासून मोकळं करण्याऐवजी त्याच पानापासून. पुन्हा दाखवायला गेलो असतो तर आणखी चार दिवस गेले असते. आणि एकच तर ओळ होती! यंत्रात मोकळी मेमरी जास्त दिसू लागली तेव्हा साहेबांनी माझी पाठही थोपटली. मी फुगून गेलो.

ती टेप सावनेरकडच्या एका कोळसा खाणीच्या ऑफिसात गेली. तिथं आमचं यंत्र खाली उतरलेल्या माणसांची यादी ठेवत असे. पंधरा दिवसांनी फोन आला. पाळी सुटताना यादी आणि माणसं जुळेनात. खाली असलेल्या तीन माणसांची नावंच यादीतून गेली होती. खाणीच्या तोंडावर, उतरणाऱ्याने आपला बिल्ला टांगून जायचा असा, पितळी बिल्ल्यांचा जुना फळा होता म्हणून कळलं, नाहीतर ते तिघं यंत्राच्या लेखी घरी गेलेले होते.

बाईंनी खाणीतली टेप मागवली, छापली आणि सही केलेल्या कागदाशेजारी ठेवली. पट्टी वर सरकत गेली आणि एका जागी थांबली. मी समोरच उभा होतो. माझ्या ओळीने मोकळं ठरवलेल्या पानाच्या वरच्या अर्ध्यात ती तीन नावं होती.

"बाबू, ही ओळ मी वाचलेली नाही."

"बाई, एकच ओळ होती..."

"ओळ एकच असते गा. माणसं तीन होती."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. माझी नोकरी तात्पुरती होती, त्या महिन्यातच कायम व्हायची होती. साहेबांसमोर त्यांनी तपासणीच्या वहीत लिहिलं की सहीनंतर अमुक माणसाने ओळ बदलली. त्याखाली आणखी एक वाक्य लिहिलं: टेप सही केलेल्या कागदाशी ताडून पाहणं माझं काम होतं, मी ते केलं नाही. साहेब म्हणाले, "अहो, तुम्ही स्वतःला कशाला त्यात घेता?" बाई म्हणाल्या, "कारण मी त्यात आहे."

त्या दुसऱ्या वाक्याने माझी नोकरी वाचली. कायम व्हायला मात्र आणखी एक वर्ष लागलं, आणि त्या वर्षभर बाईंनी माझी प्रत्येक ओळ दोनदा वाचली: एकदा कागदावर, एकदा टेपवरून छापून. इतरांचीही टेप त्या ताडत, पण माझ्या वेळी पट्टी जरा जास्तच सावकाश सरकते, असं मला वाटायचं. मी चिडायचो, लाजायचो, तरी समोर बसून राहायचो. त्यांचा विश्वास परत मिळावा यापलीकडे मला तेव्हा काही नको होतं, आणि तो मागायचा कसा हे कळत नव्हतं.

मग त्यांची दिल्लीला बदली झाली. निघायच्या दिवशी त्या ट्रंक आणि वळकटी घेऊनच ऑफिसात आल्या, गाडी दुपारी साडेतीनची. पानांच्याच हिशेबातला त्यांचा स्वतःचा एक बदल राहिला होता. साहेबांनी विचारलं, "तुमचं कोण तपासणार आता?" बाईंनी कागदाची घडी उचलली आणि माझ्यासमोर ठेवली. वर पट्टी ठेवली.

बाईंचं काम, त्यात काय तपासायचं! मी पेनाचं टोपण काढलं. त्यांनी पेन माझ्या हातातून काढून घेतलं. "वाच."

मी खालून वर वाचू लागलो. दोन वाजले, अडीच वाजले. बाई चहा पीत निवांत बसल्या होत्या. मी म्हटलं, "बाई, तुमची गाडी..." म्हणाल्या, "गाडी उद्याही आहे."

चूक एकही नव्हती. सही करून मी ट्रंक उचलायला वाकलो, तर त्या जागच्या हलल्या नाहीत. "टेप कोण ताडणार?"

मी टेप छापली आणि ओळीला ओळ लावून पाहिली. शेवटची ओळ, म्हणजे पहिली, जुळली तेव्हा चार वाजून गेले होते. आरक्षण वाया गेलं म्हणून साहेब चडफडत होते. बाईंनी वहीत आपलं नाव लिहिणाऱ्याच्या रकान्यात लिहिलं, वही माझ्याकडे सरकवली आणि तपासणाऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. माझं नाव त्या रकान्यात पहिल्यांदाच पडत होतं. अक्षर वेडंवाकडं आलं.

माझ्या त्या एका सहीसाठी बाईंनी गाडी सोडली होती.