आधी तपासणी, मग उतारा

जमिनीचा उतारा डोळ्यांनी पाहिल्याविना मी आजवर एकही हरकतअर्ज लिहिलेला नाही. शाळा सातवीला सुटली, तरी बेळगावच्या कचेरीसमोर माझ्या मसुद्यावर वकीलही लेखणी चालवीत नाहीत.

जुन्या उताऱ्यांच्या नकला आम्हा अर्जलेखकांच्या संघाने एका डेटाबेसमध्ये साठविल्या आहेत. बंगळूरला नोकरी करणाऱ्या मुलाने दिवाळीत मला नवा संगणक देऊन त्यावर लिनक्स बसविले. त्यानंतर काही दिवसांनी कंग्राळीची एक विधवा आली. दिराने सारी जमीन एकट्याच्या नावे लावण्यासाठी अर्ज दिला होता आणि हरकतीची मुदत त्याच सायंकाळी संपत होती.

"आण्णा, आज हुतंय न्हवं? न्हायतर मी आन् पोरी रस्त्यावर."

"बसा आक्का. माझ्या हातून काम निसटत नाही."

दाव्याआधी नोटीस, हा आमचा शिरस्ता. संगणकावरही मी तोच पाळीत आलो: डेटाबेस उत्तर देतो की नाही हे सांगणारी टीएनएसपिंग ही आज्ञा आधी, उताऱ्याची मागणी नंतर. त्या दिवशी नव्या संगणकावर ती प्रथमच टंकली, तर पडद्यावर उमटले, 'कमांड नॉट फाऊंड'. पुन्हा टंकले. एकेक फोल्डर धुंडाळले. आज्ञाच नाहीशी झालेली! दुपार कलली, तेव्हा नाइलाजाने मुलास फोन लावला.

"आप्पा, नव्या मशीनवर डेटाबेसचं छोटं पॅकेज टाकलंय. त्यात ती कमांड येतच न्हाय. सरळ लॉगिन करा की."

"जोडणी आहे की नाही हे कळल्याविना?"

"लॉगिन झालं म्हंजे जोडणी हाय! आता काय अर्ज करून इचारणार व्हय तिला?"

पलीकडे आणखी कोणीतरी हसले. ज्याच्या शिक्षणासाठी मी उन्हातान्हात अर्ज खरडले, त्याने चारचौघांत माझी ही किंमत केली. मी फोन ठेवला. लॉगिन पहिल्याच खेपेस झाले. जोडणी सकाळपासून शाबूत होती.

उतारा उघडून वळलो, तर खुर्ची रिकामी. बाई समोरच्या टंकलेखकाकडून अर्ज लिहवून, दाखल करून परतत होती.

"शिक्का बसला, आण्णा."

मी तिच्या हातातली प्रत वाचली. "सासऱ्याचे नाव चुकले आहे."

"असू दे वो. नाव मागनं सुधारतंय म्हनं. मुदत गेल्याव कोन सुधारनार?"

तिने माझ्याकडून उताऱ्याची नक्कल घेतली आणि दुरुस्ती लिहवून घेण्यास पुन्हा समोरच गेली.