कोंड्याला दिलेलं लेकरू

पयलं लेकरू पाचवीलाच गेलं. म्हनून दुसरं झालं तवा आत्याबाई, म्हंजी माझी सासू, म्हनली, "ह्याला आपलं म्हनायचं न्हाय. दुसरीला देऊन टाकू." आमच्याकडं असंच करत्यात, म्हंजी वाईट नजर लेकराकडं फिरकत न्हाय. शेजारी पिंजाऱ्याची भाबी, तिची समदी लेकरं जगलेली. तिनं मोल म्हनून सूपभर कोंडा आनून आमच्या उंबऱ्यावर वतला, त्याच सुपात माझं लेकरू घेतलं, भाईर जाऊन लगीच माघारी आली आन माझ्या मांडीवर ठिवून म्हनली, "संभाळ गं माझ्या पोराला." समदी हासली. मी बी हासले.

जावळ निघंस्तवर त्यो तिचा. पाजायचं मी, न्हाऊ घालायचं मी, पन कुनी इचारलं तर "भाबीचा हाय" म्हनायचं. अंगावर कापड बी तिच्याच घरचं. तिनं जुन्या वढनीची हिरवी कुंची शिवली, तिला कापसाच्या धुळीचा वास. लेकराच्या टाळूला नाक लावावं तर माझा वास न्हायच, तिचाच!

कापूस पिंजून झाला की ती दारातनंच वरडायची, "काय गं, माझ्या पोराला उपाशी ठिवलंस व्हय?" आन त्यो पिता पिता थान सोडून तिच्याकडं बगून खिदळायचा. दूध माझं आन हासू तिला. माझा नुसता जळफळाट व्हायचा, पन बोलायची चोरी.

एकदा आडावर त्यो तिच्या कडंवर हुता. गावात माहेरपनाला आलेली एक बाई म्हनली, "कुनाचं गं इतकं गुटगुटीत?" भाबीनं त्वांड उघडायच्या आत म्याच म्हनलं, "माझं! माझ्या पोटचं हाय!"

बायांचे हात दोरावर तसंच ऱ्हायले. भाबीनं लेकरू माझ्याकडं दिलं, घागर उचलली, गेली.

दिस मावळायला त्येचं अंग तापलं. पयलं बी असंच तापून गेलं हुतं. दूध धरंना, नुसतं रडतंय. आत्याबाई म्हनली, "बोललीस नव्हं?"

"व्हय, आत्याबाई."

"मग जा. आता तुझ्या हातानं दे."

सुपात घालून पळत गेले. भाबी भाकरी थापत हुती, पिठाचं हात तसंच.

"पोर कुनाचं, आदी सांग."

"तुझं."

"ऐकू न्हाय आलं."

"तुझं भाबी, तुझंच हाय, घे की गं!"

तिनं खांद्यावर टाकलं आन त्यो गप झाला. माझ्यापाशी इतकं रडला, तिच्यापाशी गप! मी देवाचं नाव घेत हुते आन आतनं जळत बी हुते, दोनी एकदम.

सकाळी ताप उतरला. ती आली, लेकरू माझ्या मांडीवर ठिवून म्हनली, "पाज माझ्या पोराला." म्या पदराखाली घेतलं. ती दाराभाईर पडस्तवर त्यो पदर वढून तिकडंच बगत हुता.

आता माघात तुळजापूरला जावळ. मग मी सूपभर कोंडा घेऊन तिच्या दारात जायाचं आन त्याला माघारी आनायचं. ती दील, तिनं कवा न्हाय म्हनलं न्हाय. पन त्यो तिचा हात सोडून माझ्याकडं यील का, ह्याचंच मला भ्या वाटतंय.